हबपर्यंत पाणी

पहिल्यांदा पुराच्या पाण्यातून सायकल बाहेर काढली तेव्हा मी भलतीच खूश होते, हे आधीच कबूल करते. सगळा रस्ता पाण्याखाली, गाड्या जागोजागी बंद पडलेल्या, आणि मी बुटांत पाणी घेऊन का होईना, पायडल मारत घरी पोहोचले होते. सायकलला इंजिन नाही, सायलेन्सरमधून पाणी शिरायची भीती नाही. पुरातलं खरं वाहन हेच, असं मी पुढचे दोन दिवस भेटेल त्याला ऐकवत होते. घरी आल्याबरोबर नळाला पाइप लावून सायकल चकाचक धुतली, फडक्यानं पुसली, चेनवर तेल सोडलं. झालं काम, म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात सायकल बोलायला लागली.

आधी नुसतं जाणवायचं. चढावर जोर दिला की तळपायाला बारीक खरखर लागायची, वाळूवर पाय फिरवावा तशी. मग मागच्या चाकातून करकर. मग एक दिवस हँडल वळवताना ते मध्येच खाचेत बसल्यासारखं अडकलं. माझा एक मित्र सायकली खोलण्यात पटाईत आहे, त्याला बोलावलं. त्यानं चेन उतरवली, एक हात सीटखालच्या नळीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं क्रँक, म्हणजे पायडल ज्याला जोडलेलं असतं तो दांडा, सावकाश फिरवला.

"कधी बुडवलीस?"

"तीन आठवडे झाले. पण मी त्याच दिवशी धुतली रे!"

"बाहेरून धुतलीस. आतलं पाणी कुठं जाणार होतं?"

बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्यात फिरतो ती खालची आडवी नळी, त्यानं माझ्यासमोर उघडली. उजव्या बाजूच्या कपचे, म्हणजे छर्रे ज्या वाटीत बसतात तिचे, आटे बहुतेक सायकलींत उलटे असतात, हे मला तेव्हा कळलं. मी एकटीनं केलं असतं तर पान्हा लावून कप आणखी घट्ट करत बसले असते. कप सुटला आणि गढूळ पाणी सरळ माझ्या पायावर. तीन आठवडे मी ते पाणी सोबत घेऊन हिंडत होते. ग्रीसचा रंग दुधाळ-तपकिरी झाला होता आणि बोटावर घेतलं तर ते चिकटायच्या ऐवजी ओघळत होतं. एका बाजूला पाव इंची अकरा छर्रे, दुसऱ्या बाजूला अकरा. त्यातले निम्म्याहून जास्त काळवंडलेले. कपच्या आत छर्रे जिथून धावतात त्या वाटेवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे.

सगळं त्या ग्रीसमध्येच आहे. छर्रा आणि कप यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर असतो तोवर पोलादाला पोलाद टेकत नाही. पाणी शिरलं की छर्रे फिरताफिरता ते ग्रीसमध्ये घुसळलं जातं, थर पातळ होतो, पोलाद उघडं पडतं आणि गंज धरतो. सुटलेला गंज पुन्हा त्याच ग्रीसमध्ये मिसळतो आणि पॉलिश पेपरसारखा बाकीच्या धातूला खरवडतो. म्हणजे पुराच्या त्या वीस मिनिटांत सायकलचं फारसं काही बिघडलेलं नसतं. बिघडतं ते नंतरच्या वीस दिवसांत, आपण निर्धास्तपणे चालवत असताना. पाण्याला आत जायला दोन मिनिटं पुरतात, बाहेर यायला वाटच नसते. हबवरच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावरच्या, ज्या टोप्या आपण सील समजतो त्या धुळीसाठी असतात, पाण्यासाठी नव्हे.

त्या दिवशी दोन्ही हब, हेडसेट (हँडल ज्यांवर फिरतं ती वरची-खालची बेअरिंग), बॉटम ब्रॅकेट असं सगळं खोललं. बरेच जण ज्या ओव्हरहॉलिंगला 'ओव्हरऑइलिंग' म्हणतात ते मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं केलं. मागच्या हबमध्ये एका बाजूला नऊ छर्रे, पुढच्यात दहा, आणि पुढचे थोडे बारीक, तीन-सोळांश इंचाचे. हे आकडे पाठ आहेत कारण मागच्या नऊपैकी एक घरंगळला आणि आम्ही जमिनीवर ओणवे होऊन तासभर बॅटरी फिरवत बसलो. तेव्हापासून खाली जुनी चादर पसरल्याशिवाय मी हबला पान्हा लावत नाही.

त्यानंतर मी एक काम केलं जे आधीच करायला हवं होतं: टेप घेऊन सायकल मोजली. पायडल सगळ्यात खाली असताना त्याचा दांडा जमिनीपासून 11 सेंटिमीटरवर. बॉटम ब्रॅकेट 28 वर. हब 34 वर. सायकलीसायकलीत फरक पडतो, डोंगरी सायकलचा बॉटम ब्रॅकेट दोनचार सेंटिमीटर वर असतो, पण क्रम तोच राहतो. हेच आकडे मग पायावर मोजून पाहिले. घोट्याच्या किंचित वर पाणी आलं की पायडल दर फेरीला बुडतंय. पोटरीच्या मध्यावर आलं की बॉटम ब्रॅकेट गेला. त्याच्या चार बोटं वर हब. गुडघाभर पाणी म्हणजे सगळंच पाण्याखाली, फक्त हेडसेट वर, आणि तोही पुढच्या चाकाच्या फवाऱ्यात. 'गुडघाभर तर होतं' असं आपण सहज म्हणतो. सायकलच्या दृष्टीनं ते गळ्यापर्यंत असतं.

पुढचा पावसाळा सुरू व्हायच्या आधी एक रविवार तयारीत घालवला. छर्ऱ्यांसाठी नेहमीच्या ग्रीसऐवजी बोटी वाहणाऱ्या ट्रेलरच्या चाकांना लावतात ते कॅल्शियम-बेसचं ग्रीस आणलं. ते पाण्यानं सहजी धुतलं जात नाही. आणि भरताना कंजुषी केली नाही. कोन, म्हणजे छर्रे कपमध्ये दाबून धरणारा निमुळता नट, घट्ट केल्यावर कडेनं ग्रीसची बारीक कड बाहेर आली ती पुसली नाही, तशीच राहू दिली. तीच कड पाण्याला पहिला बांध. दिसायला गबाळं दिसतं, त्यावर धूळही बसते, पण पावसाळ्यापुरतं मी ते सोसते.

सीटचा दांडा काढून त्यालाही ग्रीस लावलं. फ्रेम ॲल्युमिनियमची आणि दांडा पोलादाचा, किंवा उलट असेल, तर ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना असे धरून बसतात की नंतर दांडा हलत नाही. ॲल्युमिनियमला गंज चढत नाही म्हणून निर्धास्त राहणारे इथंच फसतात. पोलादी फ्रेम असेल तर ती आतून गंजते, बाहेरचा रंग शाबूत असतो आणि नळी आतून पोखरलेली. जुने लोक नळ्यांमध्ये जवसाचं तेल फिरवत, ते वाळून आत पापुद्रा धरतं. बॉटम ब्रॅकेटच्या पोटाला बऱ्याच फ्रेममध्ये एक बारीक भोक असतं, पाणी निथळायला. माझ्या फ्रेमचं भोक चिखलानं कधीचं बुजलं होतं. काडीनं मोकळं केलं. नसेल तर ड्रिल घेऊन पाडू नका, फ्रेमच्या कंपनीला विचारल्याशिवाय तरी नाही.

चेनला पावसाळ्यात दाट, ओल्या हवामानासाठी असलेलं तेल. मेणाचं किंवा कोरडं तेल उन्हाळ्यात सुंदर, पण एका डबक्यात धुऊन जातं. मडगार्ड बसवले, पुढच्याला खाली रबरी झालर लावली; ती झालर बॉटम ब्रॅकेट आणि बूट दोघांना वाचवते.

दिव्यांची गोष्ट वेगळी. माझ्या मागच्या दिव्यावर आयपीएक्स 4 लिहिलं होतं आणि मी त्याला जलरोधक समजत होते. 4 म्हणजे उडणारं पाणी सोसेल, बस. 7 असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेलं असतं. बॅटरीवरच्या बऱ्याच सायकलींच्या मोटरीही 4 च्याच वर्गात मोडतात, तेव्हा ई-सायकल घेऊन हबभर पाण्यात उतरणाऱ्यांनी आधी ती छोटी अक्षरं वाचावीत.

आणि मग दुसरा पूर आला, ऑफिस सुटायच्या वेळेला.

या खेपेला मी आधी काठावर उभी राहिले. पाणी वाहतंय की साचलंय, हे पहिलं पाहायचं. पानं, पिशव्या एका दिशेला सरकत असतील तर मी उतरत नाही, पाणी घोट्यापर्यंत असलं तरी. वेगानं वाहणारं 15 सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडायला पुरेसं असतं. सायकलवर तर आपण दोन चाकांवर तोललेले, आणि चाकांचा बाजूनं येणारा अडथळा वेगळाच. पाणी गोल फिरत असेल तर खाली उघडं गटार. विजेचा खांब किंवा लोंबती तार असेल तर तो रस्ता माझ्यासाठी संपला.

पाणी साचलेलं होतं. पायडलपर्यंत येईल असा अंदाज होता, म्हणून चढूनच निघाले. सर्वांत हलका गिअर आणि तोही काठावरच टाकलेला, कारण पाण्यात गिअर बदलताना चेन अडकली तर पाय टेकावा लागतो, आणि टेकायचा कशावर ते दिसत नाही. पाय गरगर, चाक संथ. वेग वाढवण्यात काही अर्थ नसतो. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा साधारण चौपट होतो, शिवाय पुढचं चाक पाणी ढकलून स्वतःपुढे लाट उभी करतं आणि तेच पाणी हेडसेटच्या खालच्या छर्ऱ्यांवर मारतं. रस्त्याच्या मधोमध राहिले. रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते बांधतात, गटारंही कडेलाच. पण मधोमध मोठ्या गाड्या येतात. पहिल्या पुरात एका ट्रकच्या लाटेनं मला हबपासून सीटपर्यंत भिजवलं होतं आणि चाक घसरलं ते वेगळं. या वेळी मागून इंजिनाचा आवाज आला की मी दुभाजकावर चढून उभी राहत होते. ट्रक जातो, लाटा तीनचार वेळा इकडून तिकडे आपटतात, मग निघायचं.

निम्म्या वाटेवर पाणी पोटरीपर्यंत आलं. उतरले.

इथं एक गोष्ट मला बरीच उशिरा उमगली: उतरून सायकल ढकलली म्हणून भाग वाचत नाहीत. हब तेवढाच बुडतो. वाचवायची तर ती खांद्यावर घ्यावी लागते, वरची नळी खांद्यावर, हात खालून पुढे काढून हँडल धरायचं. हलकी सायकल असेल तर जमतं. पण मग पुढं चाचपडायला हातात काही उरत नाही. ढकलत नेली तर पुढचं चाक माझी काठी होतं. खड्डा असेल तर आधी चाक जाईल, मी नाही. छर्रे की पाय, असा हा सवाल आहे. पाणी गढूळ होतं, रस्ता नेहमीचा असला तरी झाकणं जागेवर असतील याची खात्री नव्हती. मी ढकलली. हब बुडवले, जाणूनबुजून. दोनशे पावलं असतील. एकदा चाक खरंच कशात तरी हातभर खाली गेलं आणि हँडलनं मला थांबवलं.

घरी पोहोचल्यावर पायांना साबण आणि स्वच्छ पाणी आधी. पुराच्या पाण्यात जनावरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याचे जंतू खरचटलेल्या कातडीतून आत शिरतात. सायकल पाच मिनिटं थांबली तर चालते.

पण रात्रभर नाही. मागच्या वेळची सगळ्यात मोठी चूक पाइप होती. जोराची धार हबच्या कडेवर मारली की पुरानं जे अर्धवट केलं ते आपण पूर्ण करतो. या वेळी बादली, मऊ ब्रश आणि वरून सोडलेलं पाणी. शहरातल्या पुराच्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो, म्हणून ब्रेककडे खास लक्ष. माझे रिम ब्रेक. रिमच्या कडा साबणानं घासल्या, रबरात रुतलेले वाळूचे कण सुईनं काढले, नाहीतर ते रिम कानशीसारखी घासत राहतात. डिस्क ब्रेक असतील तर काम जास्त नाजूक. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची, पॅड काढून वरचा थर पॉलिश पेपरवर हलका घासायचा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर मात्र बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मित्रानं एकदा कंटाळा केला होता, त्याची सायकल महिनाभर दर सिग्नलला किंकाळ्या फोडायची.

मग निथळणं. सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून चिकटपट्टी लावली, दांडा काढला आणि सायकल उलटी केली. नळीतून पाणी आलं, फार नाही, पण आलं. चाकं काढली. चाक फिरवताना आतून खळखळ ऐकू आली तेव्हा हसूच आलं; दुहेरी भिंतीच्या रिममध्ये स्पोकच्या भोकांतून पाणी शिरून बसलं होतं. टायर एका बाजूनं सोडवला, ट्यूब आणि रिमची पट्टी काढली, व्हॉल्वचं भोक खाली करून चाक भिंतीला टेकवून ठेवलं. सकाळी खाली पाण्याचा डाग होता. हे न करता नुसतं वर्तमानपत्रावर ठेवलं असतं तर स्पोकच्या निपल, म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणाऱ्या छोट्या चाव्या, आतून गंजल्या असत्या, आणि चाकाचा बाक काढायची वेळ आली की त्या फिरण्याऐवजी तुटतात.

चेन फडक्यानं पिळल्यासारखी पुसली, तासभर वाऱ्यावर ठेवली. पाणी हाकलायला डब्ल्यूडी-40 मारलं. त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे, आणि चाळीस म्हणजे चाळीसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. पण त्याला चेनचं तेल समजून तेवढ्यावर थांबू नये. ते सुकलं की मागं वंगण म्हणावं असं फार काही उरत नाही. ते पुसून मग खरं तेल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, चेनच्या आतल्या बाजूनं. एकशे दहाच्या आसपास कड्या असतात. कंटाळवाणं आहे. पण तेल आतल्या पिनेपर्यंत जायला हवं, बाहेरच्या पट्ट्यांवर ते फक्त धूळ गोळा करतं. फ्रीव्हीलमध्येही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रात, पातळ तेलाचे काही थेंब, चाक आडवं धरून, टिकटिक आवाज पुन्हा कोरडा-स्वच्छ येईपर्यंत. ब्रेकच्या तारा त्यांच्या खाचांतून सोडवून वरचं आवरण सरकवलं, आतली तार पुसून तेलाचा हात फिरवला.

हब आणि बॉटम ब्रॅकेट त्या रात्री उघडले नाहीत. उघडायला हवे होते. पण रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि नऊ छर्ऱ्यांची आठवण ताजी होती. दोन दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, चादर पसरून बसले. मागचा हब उघडला. कडेची ग्रीसची रेघ पांढुरकी झाली होती, आत मात्र रंग जसाच्या तसा. पुढचाही तसाच. बॉटम ब्रॅकेटमध्ये डाव्या बाजूला पाण्याचे दोनचार थेंब, ग्रीस अजून चिकट. पुसून नवं भरलं, पंधरा मिनिटांचं काम. मित्राच्या सायकलला सीलबंद बेअरिंग आहेत, त्यानं ती न काढता नुसतं रबरी झाकण सुईच्या टोकानं उचललं, आत पाहिलं, ग्रीस दाबून भरलं आणि झाकण पुन्हा बसवलं. सीलबंद म्हणजे अभेद्य, असं तोही मानत नाही. चालून थोडा गरम झालेला हब एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते.

पायडलांवर मात्र मी पुरेसं लक्ष दिलं नव्हतं. सगळ्यात आधी पाण्यात जाणारा भाग तोच, दर फेरीला बुडून वर येणारा, आणि तयारीच्या रविवारी मी त्यांना हातही लावला नव्हता. पायडल सोडवताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, एवढं या वेळी लक्षात होतं. उजवं अंगठ्यानं फिरवून पाहिलं तर ठीक. डावं फिरवलं आणि तीच खरखर, वाळूवर पाय फिरवल्यासारखी. टोपी काढली तर आतून तपकिरी पाणी.

छर्रे काढून एका झाकणात रॉकेलमध्ये टाकून ठेवले आहेत. कोनवर खड्डे पडलेत की नुसता डाग आहे, ते उद्या उजेडात बघेन.